गावाला माहीत असलेला बाप

सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन देवाला सोडलेल्या बाईच्या मुलांचा बाप कोण, हे निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यातल्या गावांना बहुतेक वेळा चांगलं ठाऊक असतं. त्याचं घर कुठल्या गल्लीत, शेत कुठल्या शिवारात, लग्नाची बायको कुठल्या गावची, सगळं लोकांना माहीत असतं. मुलाचा तोंडवळा कुणावर गेलाय हेही बायका पाणवठ्यावर बोलतात. शाळेत नाव घालताना मात्र बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांचं नाव येतं, मामाचं येतं, कधी देवाचंच येतं. पिढ्यान्पिढ्या गाव जे जाणत आलं, ते एकाही कागदावर उमटलं नाही.

कर्नाटकाच्या विधिमंडळाने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेलं देवदासीविषयक विधेयक मला याच कारणाने महत्त्वाचं वाटतं. 1982 च्या कायद्याने मुली देवाला सोडण्यावर बंदी घातली होती, पण आधीच जन्मलेल्या मुलांचं काय, या प्रश्नाला त्याने नीट हात घातला नव्हता. नवं विधेयक बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या महिला व बालविकास खात्याचं आहे. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. बापाचं नाव सांगण्याची सक्ती या मुलांवर राहणार नाही, आणि बाप कोण हे ठरवून घ्यायचं असेल तर तो त्यांचा हक्क असेल. आधी तालुका समितीकडे जायचं, तिथे एकमत झालं नाही तर जिल्हा न्यायालयात, आणि तिथून डीएनए चाचणी. 1993-94 आणि 2007-08 या दोन सर्वेक्षणांत मिळून कर्नाटकात 46,660 देवदासींची नोंद झाली. त्यांची मुलंबाळं धरली तर हा प्रश्न किती घरांचा आहे हे लक्षात येईल.

आता प्रश्न त्या चाचणीवर भरवसा ठेवण्याचा. आपल्याकडे या अहवालाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य, एकदा आला की विषय संपला. कुणी म्हणतं, पैसे चारले की हवा तसा अहवाल मिळतो, आणि शेवटी त्यात 99.99 टक्के लिहितात, शंभर कुठे लिहितात? मला दोन्ही मतं चुकीची वाटतात. प्रयोगशाळेच्या आत जे घडतं ते आज विश्वास ठेवावा इतकं पक्कं आहे. कच्चं आहे ते प्रयोगशाळेत पोचण्याआधीचं आणि तिथून बाहेर पडल्यानंतरचं. आणि ज्या मुलांसाठी हे विधेयक आलं, त्यांचं नुकसान होईल ते नेमकं या कच्च्या भागात.

आधी पक्क्या भागाबद्दल. 1984 च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची वाट सापडली. दुसऱ्याच वर्षी एका मुलाचं आईशी नातं सिद्ध करून त्याला ब्रिटनमध्ये राहू देण्यासाठी ती वापरली गेली. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी हे तंत्र उभं केलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केरळातल्या तेलिचेरीच्या न्यायालयात पितृत्वाच्या एका दाव्यात ते पुरावा म्हणून पुढे आलं. म्हणजे बड्या शहरातल्या बड्या लोकांच्या भांडणात नव्हे, एका छोट्या गावच्या न्यायालयात एका मुलाच्या बापाचा प्रश्न सोडवायला हे तंत्र आपल्या देशात पहिल्यांदा कामाला आलं.

त्याआधी हाताशी होता रक्तगट. आजही गावात सांगतात, ‘दोघांचा रक्तगट एक आहे, म्हणजे पोरगं त्याचंच.’ यात काही अर्थ नाही. एकच रक्तगट लाखो लोकांचा असतो. एबी गटाच्या माणसाला ओ गटाचं मूल सहसा होत नाही, एवढं नकारार्थी उत्तर रक्तगट देतो. होकार देण्याची ताकद त्याच्यात नाही.

डीएनए चाचणी वेगळ्या गोष्टीकडे बघते. आपल्या गुणसूत्रांवर काही ठरावीक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. कुणात सहा वेळा, कुणात नऊ वेळा. प्रत्येक जागेचे आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अहवालातली एक ओळ डोळ्यासमोर आणू. जागेचं नाव टीएच01. आईपुढे लिहिलंय 6 आणि 9. मुलापुढे 7 आणि 9. मुलाला 9 आईकडून आला, म्हणजे 7 बापाकडूनच यायला हवा. ज्याच्याकडे बोट दाखवलंय त्याच्यापुढे 7 आणि 8 असेल, तर या ओळीत तो बाप असू शकतो. 8 आणि 9 असेल, तर ही ओळ त्याच्या विरोधात जाते. अशा वीसेक ओळी असतात.

एका ओळीत जुळलं म्हणून कुणी बाप ठरत नाही. समजा समाजात 7 हा आकडा शंभरात वीस वेळा आढळतो. त्या माणसाकडे एकच 7 असल्याने तो मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणजे शंभरात पन्नास. पन्नास भागिले वीस, अडीच. या एका ओळीवरून तो बाप असण्याच्या बाजूने पारडं अडीचपट झुकतं, इतकंच. पण पुढच्या ओळीत तीनपट, त्याच्या पुढच्यात दोनपट, असं करत सगळे गुणाकार होतात. प्रत्येक ओळ सरासरी तीनपट धरली तर वीस ओळींचा गुणाकार 348 कोटींच्या वर जातो. 99.99 टक्के हा आकडा अशा गुणाकारातून येतो. शंभर लिहीत नाहीत, कारण शक्यतेच्या गणितात शंभर हा आकडा येतच नाही. ती प्रयोगशाळेची शंका नव्हे, तिचा प्रामाणिकपणा आहे. ‘शंभर नाही, म्हणजे सोडवणुकीला जागा आहे’ असं सांगून एखादा वकील अशिलाला झुलवत असेल, तर तो त्याची फसवणूक करतो.

नकाराचं उत्तर याहून साधं. तीन किंवा जास्त जागी आकडे जुळले नाहीत, तर तो माणूस बाप नाही. एकाच जागी न जुळणं हे मात्र नकाराचं कारण होत नाही. बापाकडून मुलाकडे येताना क्वचित एखादा आकडा बदलतो, 7 चा 8 होतो. चांगली प्रयोगशाळा अशा वेळी आणखी जागा तपासते आणि तसं अहवालात लिहिते. हे माहीत नसलेला माणूस एक ओळ लाल खुणेने दाखवून ‘बघा, जुळत नाही’ म्हणून सांगतो आणि समोरचं कुटुंब गार पडतं.

आता कच्चा भाग. पहिली गोष्ट नमुन्याची. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा किंवा कागदावर घेतलेले रक्ताचे थेंब, दोन्हींत तोच डीएनए असतो. प्रश्न असा की तो बोळा कुणाच्या गालात फिरवला? साक्षीदारांसमोर, ओळखपत्र बघून, फोटो आणि अंगठा घेऊन, पाकीट मोहोरबंद करून, आणि ते पाकीट कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं याची प्रत्येक वेळी नोंद ठेवून नमुना गेला, तरच अहवालाला किंमत. बापाच्या जागी दुसऱ्याच माणसाने गाल पुढे केला, तर प्रयोगशाळा अगदी अचूक चाचणी करून अगदी अचूक चुकीचं उत्तर देईल. घरी किट मागवून केलेल्या चाचणीला न्यायालयात आधार नाही तो यामुळे. पैसे चारून अहवाल फिरवण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी यंत्राकडे नव्हे, या पाकिटाकडे लक्ष द्यावं. तालुक्याच्या दवाखान्यात नमुना घेताना मुलाच्या बाजूचा एक माणूस समोर उभा असायलाच हवा.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे आणि तिच्यावर मला जरा थांबायचंय. अहवालातला आकडा धरून चालतो की खरा बाप हा माणूस नसेल तर समाजातला कुणीतरी परका असेल. आपल्याकडे तसं असेलच असं नाही. एका वाड्यातले दोन भाऊ, काका-पुतणे यांच्यातला नेमका कोण, असाही प्रश्न निघू शकतो. सख्ख्या भावांचा निम्मा डीएनए सारखा असतो. परक्या माणसाला वगळायला वीस ओळी भरपूर होतात, भावाला वगळायला त्या कधी कधी कमी पडतात. त्यात या पट्ट्यात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्नं पिढ्यान्पिढ्या होत आली आहेत. नात्यातच लग्नं झाली की त्या गोतावळ्यात काही आकडे इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि बाहेरच्या लोकसंख्येवरून काढलेली टक्केवारी तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही. यावर उपाय आहेत. जास्त जागा तपासता येतात, भावाचाही नमुना घेता येतो, गणितात नात्याची दुरुस्ती धरता येते. पण हे सगळं होतं ते कुणी विचारलं तर. म्हणून न्यायालयाने आदेशातच प्रयोगशाळेला विचारायला हवं: हा माणूस बाप नसून त्याचा भाऊ असण्याची शक्यता किती?

तिसरी गोष्ट गणितात लपलेली आहे. टक्केवारी काढताना बहुतेक प्रयोगशाळा असं धरतात की चाचणीपूर्वी तो माणूस बाप असण्याची आणि नसण्याची शक्यता सारखीच होती. गुणाकार दहा हजार आला, तर या गृहीतकाने उत्तर 99.99 टक्के येतं. पण समजा इतर काही माहिती नाही आणि संशयित दहा आहेत, तर तोच गुणाकार 99.91 टक्के देईल. शंभर संशयित असतील तर 99 च्या आसपास. गुणाकार कोटींत असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. तो हजारांत असेल तर बिघडतं. म्हणून अहवाल वाचणाऱ्याने टक्के बघण्याआधी तो गुणाकाराचा आकडा बघावा. वकिलांनी हे शिकून घेतलं पाहिजे, न्यायाधीशांनीही.

बाप मेला असेल तर काय? देवदासींच्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार होणार, कारण हक्क मिळेपर्यंत ती मुलंच चाळिशी-पन्नाशीला आली आहेत. तेव्हा बापाच्या सख्ख्या भावाशी मुलाच्या वाय गुणसूत्राची तुलना होते. पण वाय गुणसूत्र आजोबा, बाप, काका, चुलत भाऊ सगळ्यांत तेच असतं. ते घराणं दाखवतं, माणूस नाही. मुलीला वाय नसतोच, पण तिला बापाचा एक्स जसाच्या तसा मिळतो, म्हणून त्याच्या लग्नाच्या मुलीशी तिची तुलना करून बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर निघू शकतं. अर्थात त्या घराने नमुना द्यायला तयार व्हायला हवं, आणि तिथेच घोडं अडतं.

आता कायदा. लग्नाच्या चौकटीत जन्मलेल्या मुलाकडे भारतीय कायदा वेगळ्या नजरेने बघतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 112, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 116 सांगतं की लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच. अपवाद एकच, गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंधच येऊ शकला नाही हे सिद्ध झालं तर. 1993 पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की नवऱ्याने संशय घेतला म्हणून उठसूट चाचणी द्यायची नाही. 2001 मध्ये तर न्यायालय म्हणालं की डीएनए अहवालही हे गृहीतक मोडायला पुरा पडत नाही. मग 2014 मध्ये विदर्भातल्या एका दांपत्याच्या प्रकरणात नागपूरच्या आणि पाठोपाठ हैदराबादच्या प्रयोगशाळेने एकच उत्तर दिलं, हा माणूस त्या मुलीचा बाप नाही. तेव्हा न्यायालयाने विज्ञानाला मान दिला आणि मुलीची पोटगी गेली. 2023 मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात मात्र आईच्या चारित्र्याचा वाद सोडवायला मुलाचा डीएनए वापरू देणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. जानेवारी 2025 मध्ये केरळच्या प्रकरणात त्याच गृहीतकाला पुन्हा वजन दिलं.

हे निकाल एकमेकांविरुद्ध जातात असं वरवर वाटतं. मला त्यांच्यात एक धागा दिसतो, आणि तो योग्य वाटतो. घरात वाढलेल्या मुलाने सहसा चाचणी मागितलेली नसते. नवरा मागतो, बहुधा पोटगी चुकवायला किंवा बायकोवर आळ घ्यायला. त्या मुलाकडे घर आहे, नाव आहे, आणि चाचणी हे दोन्ही हिरावून घेऊ शकते. म्हणून तिथे न्यायालय दार लावून घेतं. देवदासीच्या मुलाच्या बाबतीत सगळं उलट आहे. तिथे लग्न नाही, म्हणून ते गृहीतक नाही, आणि चाचणीने हिरावून घ्यावं असं बापाकडून मिळालेलं काहीच नाही. तिथे चाचणी मागतो तो मुलगाच. जे मौन पहिल्या मुलाला पांघरूण घालतं, त्याच मौनाच्या आडून दुसऱ्या मुलाच्या बापाने जबाबदारी झटकली. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 मध्ये आलं तेव्हा मराठी वाचकाला हे दुखणं आतून कळलं. पण वाचकाला कळणं वेगळं आणि सातबाऱ्याला कळणं वेगळं. म्हणून मी म्हणतो, चाचणी मागण्याचा हक्क मुलाचा. बापाचा नाही, नवऱ्याचा नाही, जमिनीत वाटेकरी नको म्हणून धावत येणाऱ्या चुलत्याचाही नाही.

मुलाने ती न मागण्याचा हक्कही तितकाच मोठा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ओळख दाखवली नाही त्याचं नाव मला नको, असं म्हणणारी मुलं असणारच आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. विधेयकातली पहिली तरतूद, बापाच्या नावाची सक्ती काढण्याची, म्हणूनच दुसरीइतकी मोलाची आहे. महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, पण बापाचं नाव त्यामागे राहिलंच. महाराष्ट्रातल्या कागलच्या शाळेत आणि कर्नाटकातल्या निपाणीच्या शाळेत या एका बाबतीत उद्या फरक पडेल.

आईबद्दल कुणी फारसं बोलत नाही. समजा उत्तर ‘नाही’ आलं. गाव म्हणेल, बाई खोटं बोलली. ज्या बाईला कळत्या-नकळत्या वयात माळ घातली, जिच्याकडे कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार तिला कधी नव्हता, तिच्यावर हा कागद आणखी एक डाग ठेवून जाईल. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ एवढाच की हा माणूस नव्हे. दुसरं काहीही तो कागद सांगत नाही. हे उत्तर समितीच्या बैठकीत दहा माणसांसमोर वाचून दाखवलं जाणार असेल, तर त्यापेक्षा चाचणी न झालेली बरी. आईचा नमुना घेतला तर गणित जास्त पक्कं होतं, पण तिच्याशिवायही जास्त जागा तपासून उत्तर काढता येतं. तिची इच्छा नसेल तर तिच्यावर जबरदस्ती करण्याचं शास्त्रीय कारणही उरत नाही.

आणि तो माणूस नमुनाच देत नसेल तर? उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्यावर मुलाने 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तिवारींनी नमुना देणं होता होईल तोवर टाळलं. रक्त घ्यायला 2012 उजाडलं आणि जुलैमध्ये न्यायालयाने पाकीट उघडलं तेव्हा ते 86 वर्षांचे होते. राजधानीतले नामांकित वकील हाताशी असूनही चार वर्षं गेली. हुक्केरी तालुक्यातल्या शेतमजुराकडे ती चार वर्षं नाहीत. समोरचा म्हातारा तोवर जगेल याची खात्रीही नाही. समितीत समझोत्याच्या तारखा पडत राहतील आणि एक दिवस स्मशानात राख होऊन पुरावाच संपेल. अर्ज आल्याबरोबर दोघांचे नमुने घेऊन मोहोरबंद ठेवावेत, तडजोड नंतर करत बसावं. नमुना द्यायला नकार देणाऱ्याविरुद्ध निष्कर्ष काढण्याची मुभा न्यायालयाला आहेच, ती इथे संकोच न करता वापरावी.

सीमाभागाची गोष्ट इथे आणखी अवघड होते. कर्नाटकाचं विधेयक, आई निपाणीत बिडी वळणारी, आणि ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो कागल किंवा गडहिंग्लजचा. नदी-नाले ओलांडून माणसं दोन्हीकडे ये-जा करतात, सोयरिकी होतात, सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या कोल्हापूर जिल्ह्यातून भरून जातात. तालुका समितीची नोटीस मात्र राज्याच्या हद्दीवर थबकेल. गडहिंग्लज आणि निपाणी ही दोन्ही गावं देवदासींच्या चळवळीची, तिथल्या कार्यकर्त्यांनी सीमेकडे न बघता काम केलं. महाराष्ट्राने 2005 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, आता पितृत्वाच्या तरतुदीचा विचार त्यालाही करावा लागेल. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनांनी नोटिसा बजावण्याची आणि नमुने घेण्याची संयुक्त पद्धत ठरवायला दोन्ही राज्यांचा सीमावाद मिटण्याची वाट बघायची गरज नाही.

मग भाषा. नोटीस कानडीत येणार, अहवाल इंग्रजीत येणार, आणि तो ज्याच्या आयुष्याचा आहे त्याला घरी मराठी येते किंवा दोन्हींची सरमिसळ. अहवालावर विश्वास ठेव म्हणून ज्याला सांगायचं, त्याला तो वाचता तरी आला पाहिजे. प्रत्येक अहवालासोबत कानडी आणि मराठीत एका पानाचा खुलासा द्यायला हवा: किती जागा तपासल्या, किती जुळल्या, गुणाकार किती आला, भावाची शक्यता तपासली की नाही, नमुने कुणी आणि कधी घेतले, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी मागायची असेल तर कुठे अर्ज करायचा. खर्च सरकारचा. हे पान कुणी तयार करायचं, विधेयकाच्या नियमांत ते येणार का, आणि बेळगावच्या जिल्हा न्यायालयात पहिला अर्ज पडेल त्या दिवशी ते तिथल्या टेबलावर असेल का, हे आपल्या आमदारांना आत्ताच विचारायला हवं.